कुणाचे दिवे कुणाबरोबर जातात?
घटक विश्लेषणाची ओळख, चेन्नईतल्या एका प्रश्नावलीच्या निमित्ताने

संध्याकाळी वीज गेली की आपण आधी गॅलरीत येऊन समोर बघतो. समोरच्या इमारतीत लख्ख उजेड असेल तर फ्यूज आपलाच उडालेला असतो. समोरही अंधार, पण कोपऱ्यावरच्या दुकानात आणि त्याच्या वरच्या दोन घरांत दिवे चालू असतील, तर कुणीतरी लगेच सांगतं, ‘एक फेज गेलीय.’ रस्त्याखालून गेलेली केबल यांपैकी कुणी पाहिलेली नसते. तरीही कोणकोणती घरं एकाच तारेवर आहेत हे गल्लीतल्या माणसांना बरोबर ठाऊक असतं, कारण त्या घरांतले दिवे नेहमी बरोबरीनं जातात आणि बरोबरीनं येतात.

आता असं समजा की, एखाद्यानं वर्षभर वही ठेवली आणि कुठल्या घराची वीज कधी गेली याची नोंद केली. वर्षाअखेरीस एकही खड्डा न खणता त्याला जमिनीखालच्या जोडणीचा नकाशा काढता येईल. नकाशा अगदी बिनचूक नसेल, पण कामाला येईल इतका बरा नक्की असेल.

मानसशास्त्रात आणि शिक्षणशास्त्रात गेली सव्वाशे वर्षं हेच काम एक गणिती पद्धत करत आली आहे. तिचं नाव घटक विश्लेषण. माणसांनी दिलेली उत्तरं किंवा मुलांना पडलेले गुण ही त्यातली घरं. ती कशामुळे एकत्र हलतात हे शोधायचं असतं, आणि जमिनीखालची जी तार हाती लागते तिला ‘घटक’ म्हणतात. चिंता, बुद्धी, अभ्यासाची गोडी, मनावरचं ओझं यांपैकी काहीच पट्टीनं किंवा तराजूनं मोजता येत नाही. मग ते मोजल्याचा दावा करणारी प्रश्नावली विश्वासार्ह आहे की नाही, हे ठरवायचं कसं? या प्रश्नाचं उत्तर बरंचसं या पद्धतीत आहे.

चेन्नईतला प्रश्न

चेन्नईत ‘स्कार्फ’ ही स्किझोफ्रेनियावर काम करणारी संस्था आहे. भारतातल्या पहिल्या महिला मनोविकारतज्ज्ञ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डॉ. एम. शारदा मेनन यांनी 1984 साली ती सुरू केली. त्याच्याही आधी, 1981-82 मध्ये, स्किझोफ्रेनिया पहिल्यांदाच झालेल्या चेन्नईतल्या 90 रुग्णांची नोंद करून त्यांचा पुढे अनेक वर्षं पाठपुरावा केला गेला. डॉ. आर. थारा यांचं नाव जोडलेला हा अभ्यास मद्रासच्या नावानंच जगभर ओळखला जातो.

इतकी वर्षं रुग्णांच्या मागे राहिलं की त्यांच्यामागे उभं असलेलं घरही दिसू लागतं. आपल्याकडे अशा रुग्णाची काळजी बहुतेक वेळा घरचेच घेतात. गोळ्यांच्या वेळा आई सांभाळते, नोकरीवर पाणी सोडून बायको घरी थांबते, रात्री कुणी बाहेर पडू नये म्हणून वडील दाराशी झोपतात. मराठीत या मंडळींसाठी ‘शुभंकर’ हा शब्द आता रुळला आहे. त्यांच्यावर किती भार आहे हे कळल्याशिवाय त्यांना मदत करता येत नाही. पण ‘त्रास होतो का हो?’ असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, ‘आपलंच माणूस आहे, त्रास कसला!’

परदेशात तयार झालेल्या प्रश्नावल्या होत्या. पण त्या तिथल्या कुटुंबांसाठी होत्या, इथलं घर त्यात नव्हतं. त्यामुळे थारा, आर. पद्मावती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्याच शुभंकरांशी मोकळेपणानं बोलून, त्यांच्या बोलण्यातून प्रश्न वेचून एक प्रश्नावली घडवली. जागतिक आरोग्य संघटनेच्या दिल्लीतल्या आग्नेय आशिया कार्यालयातले हेल्मुट सेल या कामात सोबत होते. 1998 मध्ये ही प्रश्नावली ‘बर्डन असेसमेंट शेड्यूल’ या नावानं प्रसिद्ध झाली. तिचं एक रूप चाळीस प्रश्नांचं आणि दुसरं, आटोपशीर, वीस प्रश्नांचं आहे. प्रत्येक प्रश्नाला तीनच उत्तरं: अजिबात नाही, थोडंफार, खूप.

वीस प्रश्नांच्या रूपात पाच घटक आहेत आणि प्रत्येक घटकाच्या वाट्याला चार प्रश्न. शुभंकराच्या स्वतःच्या तब्येतीवर आणि मनःस्वास्थ्यावर झालेला परिणाम, वैवाहिक नात्यावरचा परिणाम, केलेल्या सेवेची कुणी घेतलेली दखल, इतरांशी असलेल्या नात्यांवरचा परिणाम आणि आजार किती गंभीर वाटतो, हे ते पाच.

समजा, दोन बायकांचे एकूण गुण सारखेच आले, साठपैकी चाळीस. एकीची तब्येत ढासळली आहे, पण सासर-माहेर तिच्या पाठीशी आहे. दुसरी धडधाकट आहे, पण तिच्या घरी कुणी फिरकत नाही आणि तिच्या कष्टांची कुणाला जाणीव नाही. दोघींना एकच आकडा देऊन घरी पाठवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. पहिलीला डॉक्टर हवेत आणि थोडी विश्रांती हवी, दुसरीला माणसं हवीत. ओझ्याचे प्रकार वेगळे काढून दाखवणं हीच घटक विश्लेषणाची खरी कमाई, असं मला वाटतं.

आधी जोड्या

पहिली पायरी सोपी आहे, फक्त कष्टाची. शे-दोनशे शुभंकरांची उत्तरं घ्यायची आणि प्रत्येक प्रश्नाची जोडी उरलेल्या प्रत्येक प्रश्नाशी लावून पाहायची. ‘थकवा येतो’ या प्रश्नाला ‘खूप’ म्हणणारे ‘झोप लागत नाही’ यालाही ‘खूप’ म्हणतात का? दोन्ही उत्तरं किती बरोबरीनं चढतात-उतरतात, हे सांगणाऱ्या आकड्याला सहसंबंध म्हणतात. तो पूर्ण असेल तर 1, मुळीच नसेल तर 0 आणि एक चढताना दुसरं उतरत असेल तर उणे.

वीस प्रश्नांच्या अशा 190 जोड्या होतात, चाळीस प्रश्नांच्या 780. एवढ्या आकड्यांचा तक्ता समोर ठेवला तर डोळ्यांना काही उमगत नाही. इथून पुढे गणित लागतं, पण त्याचा गाभा पाटीवर मांडण्याएवढा लहान आहे.

तीन आकडे आणि एक तार

तीन प्रश्न घेऊ: थकवा, झोप आणि स्वतःच्या तब्येतीची हेळसांड. समजावण्यापुरते सहसंबंध असे धरू: थकवा आणि झोप 0.56, थकवा आणि हेळसांड 0.48, झोप आणि हेळसांड 0.42.

या तिन्ही जोड्यांच्या मागे एकच तार असेल तर? प्रत्येक प्रश्न त्या तारेला कितपत घट्ट जोडलेला आहे, याला त्या प्रश्नाचा ‘भार’ म्हणतात. थकव्याचा भार 0.8, झोपेचा 0.7 आणि हेळसांडीचा 0.6 धरा आणि आता दोन-दोन भारांचा गुणाकार करा. 0.8 गुणिले 0.7 म्हणजे 0.56. 0.8 गुणिले 0.6 म्हणजे 0.48. 0.7 गुणिले 0.6 म्हणजे 0.42. तिन्ही सहसंबंध जसेच्या तसे परत मिळाले.

भार आधी ठाऊक नसले तरी ते उलट बाजूनं काढता येतात. थकव्याचे दोन सहसंबंध, 0.56 आणि 0.48, यांचा गुणाकार करा आणि त्याला उरलेल्या 0.42 नं भागा. उत्तर येतं 0.64, आणि त्याचं वर्गमूळ 0.8. जी तार कुणी पाहिली नाही, तिच्याशी थकव्याचं नातं किती घट्ट आहे हे आपण फक्त जोड्यांवरून काढलं.

ते 0.64 नीट लक्षात ठेवा. थकव्याच्या उत्तरात माणसागणिक जो फरक दिसतो, त्यातला 64 टक्के त्या सामाईक तारेमुळे आहे. उरलेला 36 टक्के फक्त त्या प्रश्नाचा आहे. कुणी कारखान्यात दुहेरी पाळी करून आलेला असतो, कुणाला प्रश्न नीट कळलेला नसतो, कुणी घाईत खूण केलेली असते. हा त्या घराचा स्वतःचा फ्यूज. चांगलं विश्लेषण फ्यूज आणि फेज वेगळे काढतं, आणि नुसत्या गुणांच्या बेरजेला नेमकं हेच जमत नाही.

ही युक्ती 1904 मध्ये चार्ल्स स्पिअरमन या इंग्रज मानसशास्त्रज्ञानं मांडली. त्याआधी तो लष्करात अधिकारी होता. त्याच्यासमोर शाळकरी मुलांचे गुण होते: भाषा, गणित, संगीत, आवाजातला बारीक फरक ओळखणं. एका विषयात पुढे असलेलं मूल बहुधा दुसऱ्यातही पुढे असतं, हे प्रत्येक वर्गशिक्षकाला ठाऊक असतं. स्पिअरमननं त्यामागे एकच घटक आहे असं मानलं आणि त्याला सर्वसाधारण बुद्धिमत्ता म्हटलं.

तारा किती?

स्पिअरमनला एक तार दिसली, शिकागोच्या लुई थर्स्टननं 1938 मध्ये सात मांडल्या: शब्दांचा अर्थ, शब्दांचा ओघ, आकडेमोड, स्मरण, आकृतींची समज, पटकन निरखणं आणि तर्क. साधनसामग्री साधारण सारखीच असताना उत्तरं एवढी वेगळी कशी आली? याचं कारण किती घटक पुरेसे धरायचे, यात माणसाचा निर्णय असतो. गणित कितीही घटक काढून द्यायला तयार असतं. प्रश्न वीस असतील तर घटकही वीस काढता येतील, पण मग नकाशा गल्लीएवढाच मोठा होईल आणि त्यातून काही कळणार नाही.

संगणकावर सर्वाधिक वापरला जाणारा नियम हेन्री कायझरचा आहे. प्रत्येक प्रश्न आपल्यासोबत एक एकक फरक आणतो असं धरलं, तर एका प्रश्नाइतकाही फरक ज्याला पेलवत नाही तो घटक ठेवायचा नाही. घटकानं पेललेल्या फरकाच्या या आकड्याला आयगेनमूल्य म्हणतात. नियम सुटसुटीत आहे, पण त्यातून अनेकदा गरजेपेक्षा जास्त घटक निघतात. रेमंड कॅटेलनं 1966 मध्ये सुचवलं की हे आकडे आलेखावर मांडावेत आणि उतार जिथे सपाट होतो तिथे थांबावं. मला सगळ्यांत प्रामाणिक वाटते ती जॉन हॉर्नची 1965 मधली सूचना. तेवढीच माणसं आणि तेवढेच प्रश्न धरून संगणकाकडून निव्वळ यदृच्छ आकडे भरून घ्यायचे आणि त्यातून कसे घटक निघतात ते पाहायचं. यदृच्छ आकड्यांतून निघालेल्या घटकांपेक्षा आपला घटक ठळक नसेल, तर तो सोडून द्यायचा. आज हे काम संगणक काही क्षणांत करतो, आणि तरीही कितीतरी प्रबंधांमध्ये ते केलेलं नसतं.

या गणिताला भक्कम संख्याशास्त्रीय पाया देणाऱ्यांमध्ये एक नाव आपल्याकडचं आहे. सी. आर. राव यांनी 1955 मध्ये ‘सायकोमेट्रिका’ या नियतकालिकात घटक विश्लेषणातल्या अनुमानांवर आणि कसोट्यांवर महत्त्वाचा लेख लिहिला. त्यांचा जन्म 1920 मध्ये हडगळीला झाला. आज ते गाव कर्नाटकात आहे, तेव्हा मद्रास इलाख्यात होतं.

नकाशा वाचता येईल असा धरणं

घटक किती हे ठरल्यावरही पहिल्या फेरीत हाती येणारे भार बहुधा गोंधळात टाकतात. प्रत्येक प्रश्न थोडा या घटकावर, थोडा त्या घटकावर. म्हणून आलेखाचे अक्ष फिरवतात. प्रश्नांची एकमेकांपासूनची अंतरं तीच राहतात, फक्त आपण बघतो ती दिशा बदलते. प्रत्येक प्रश्न शक्यतो एकाच घटकाजवळ यावा आणि बाकीच्यांपासून लांब राहावा, अशी दिशा शोधायची हा थर्स्टनचा आग्रह. 1958 मध्ये कायझरनं त्यासाठी ‘व्हेरिमॅक्स’ ही रीत दिली.

व्हेरिमॅक्समध्ये घटक एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र आहेत असं गृहीत धरलेलं असतं. शुभंकरांच्या बाबतीत हे पटत नाही. तब्येत ढासळली की नाती ताणली जातात, नाती ताणली की आजार अधिक भयंकर वाटू लागतो. अशा वेळी घटकांना आपसात संबंध ठेवू देणारी तिरकी फिरवण जास्त खरी ठरते. संगणकानं आपणहून पुढे केलेला पर्याय तसाच स्वीकारण्याची सवय इथे महागात पडते.

दिशा निवडण्याचं हे स्वातंत्र्य किती दूर नेऊ शकतं, याचं उदाहरण पुण्याच्या वाचकांना जवळचं वाटेल. आप्पा पेंडसे यांनी 1962 मध्ये स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनीत बुद्धिमत्तेच्या कसोट्यांवर मोठं काम झालं, आणि त्यासाठी अमेरिकेतल्या जे. पी. गिलफर्ड यांच्या प्रतिमानाचा आधार घेतला गेला. बुद्धी एक नाही, सातही नाहीत, तर 120 वेगवेगळ्या क्षमता आहेत असं ते प्रतिमान सांगत होतं. 1973 मध्ये हॉर्न आणि नॅप यांनी दाखवून दिलं की, गिलफर्ड वापरतात तशी फिरवण केली तर यदृच्छपणे रचलेल्या सिद्धांतालाही तसाच भरघोस पाठिंबा मिळतो. अक्ष आधी ठरवलेल्या जागी नेऊन बसवले तर आकडे फारशी कुरकुर करत नाहीत. त्यामुळे प्रबोधिनीच्या कसोट्या निरुपयोगी ठरत नाहीत. मुलांच्या वेगवेगळ्या क्षमतांकडे वेगवेगळं लक्ष देणं हा त्यांचा उपयोग वेगळ्या पुराव्यावर तपासता येतो. पण मनात 120 कप्पे खरोखरच आहेत हे सिद्ध करण्याचं काम घटक विश्लेषणानं केलं, असं म्हणता येत नाही.

नाव माणूसच देतो

एका घटकावर चार प्रश्न एकत्र आले, इथपर्यंत यंत्राचं काम. त्या चौघांना काय म्हणायचं हे संशोधकाला ठरवावं लागतं, आणि त्यासाठी त्याला माणसं ओळखता यावी लागतात.

चेन्नईच्या यादीतला ‘दखल’ हा घटक पाहा. आपल्या सेवेची जाणीव घरच्यांना आहे का, नातलगांना, मित्रांना, खुद्द रुग्णाला आहे का, अशा धर्तीचे प्रश्न त्यात येतात. ते तब्येतीच्या प्रश्नांत मिसळून गेले असते तर कुणाला आश्चर्य वाटलं नसतं. पण ते वेगळे उभे राहिले. याचा अर्थ, अंग मोडेस्तोवर राबणारी सून आणि ‘तू फार करतेस गं’ हे शब्द ऐकायला मिळालेली सून यांची वर्गवारी दोन वेगळ्या मापांवर होते. कष्ट सारखेच असतील, तरी दखल सारखी असेलच असं नाही. ही गोष्ट आपल्या घरांत अनेकांनी अनुभवली असेल. इथे ती मोजमापातून वर आली, कारण प्रश्न शुभंकरांच्याच बोलण्यातून वेचलेले होते. विचारलंच नसतं तर हा घटक कुठल्याही गणितानं शोधून दिला नसता. ज्या घराची नोंद वहीत नाही, त्याची तार नकाशात येत नाही.

वैवाहिक नात्याचा घटकही असाच आहे. ते प्रश्न जोडीदारालाच लागू होतात. मुलाची काळजी घेणाऱ्या आईपुढे ते ठेवले तर उत्तरांना अर्थ राहत नाही. त्यामुळे नमुन्यात कोण होतं हे पाहिल्याशिवाय घटकांची यादी पुढे नेणं धोक्याचं असतं.

नाव दिलं की दुसरा धोका सुरू होतो. नाव आहे म्हणजे वस्तूही आहे, असं वाटू लागतं. स्पिअरमनच्या घटकाला बुद्धी म्हटलं आणि पुढे ती जणू मेंदूत भरलेली एखादी चीज आहे अशा थाटात तिच्यावरून मुलांच्या वाटा ठरवल्या गेल्या. खरं तर 1916 मध्येच गॉडफ्रे थॉमसननं दाखवलं होतं की, एक मोठा घटक मुळीच नसला, असंख्य छोट्या-छोट्या क्षमता असल्या आणि प्रत्येक परीक्षेत त्यांतल्या काही वापरल्या गेल्या, तरीही गुणांचा तक्ता हुबेहूब तसाच दिसू शकतो. दिवे एकत्र जातात एवढं आपण पाहिलेलं असतं. जमिनीखाली एक जाड केबल आहे की बारीक तारांची जुडी, हे नुसत्या दिव्यांवरून ठरत नाही.

चौकट: अहवाल हाती आला तर

> किती माणसांची उत्तरं घेतली ते आधी पाहा. तीस प्रश्न आणि पन्नास विद्यार्थी असा हिशेब असेल तर घटक पुढच्या वेळी बदलण्याची शक्यता मोठी. घटकांची संख्या कोणत्या नियमानं ठरवली आणि तो एकच नियम होता की दोन-तीन, हे लिहिलेलं असायला हवं. फिरवण सरळ की तिरकी, आणि का, हेही हवं. भारांचा पूर्ण तक्ता छापलेला आहे का ते बघा. फक्त घटकांची नावं दिली असतील तर प्रश्न स्वतः वाचून ती नावं पटतात का, हे तुम्हाला तपासता येणार नाही. आणि ज्या माणसांवरून घटक शोधले, त्यांच्यावरच ते सिद्ध केले असतील, तर सिद्धता अजून व्हायची आहे असं समजा.

मराठीत आणताना

डॉ. जगन्नाथ वाणी मूळचे धुळ्याचे. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात ते संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता, त्यामुळे शुभंकर असणं म्हणजे काय हे त्यांनी घरात जगून पाहिलं. 1997 मध्ये त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनची स्थापना केली. ‘देवराई’ या 2004 सालच्या मराठी चित्रपटामागेही त्यांची प्रेरणा होती. पुणे-ठाण्यासारख्या शहरांत आज शुभंकरांचे स्वमदत गट चालतात. चेन्नईत घडलेलं हे माप अशा गटांना उपयोगी पडेल का, हा प्रश्न त्यामुळे पुस्तकी नाही.

उत्तर शोधायची पद्धत ठरलेली आहे. आतापर्यंत वर्णन केलं ते शोधक घटक विश्लेषण, म्हणजे तारा ठाऊक नसताना त्या हुडकणं. दुसरा प्रकार पडताळणीचा. कार्ल यरेस्कोग या स्वीडिश संख्याशास्त्रज्ञानं 1969 मध्ये त्याची पक्की रीत दिली. यात नकाशा आधी मांडायचा: हे चार प्रश्न या घटकाचे, ते चार त्या घटकाचे. मग नव्या माणसांची उत्तरं घ्यायची आणि त्यांतले 190 सहसंबंध या नकाशातून पुरेसे जवळ परत मिळतात का ते पाहायचं. नाहीच मिळाले तर नकाशा या गावचा नाही.

इथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. चेन्नईतल्या शुभंकरांची सरासरी एक आणि सोलापुरातल्यांची दुसरी आली, म्हणून लगेच ‘सोलापुरात ओझं जास्त’ असं म्हणता येत नाही. दोन्हीकडे प्रश्न त्याच घटकांना आणि साधारण तेवढ्याच भारानं जोडलेले आहेत, हे आधी दाखवावं लागतं. घरी पाहुणे येणं कमी झालं आहे का, असा एखादा प्रश्न घेऊ. चाळीत राहणाऱ्या कुटुंबात तो नात्यांच्या घटकावर बसेल. शेतावर वस्ती असलेल्या घरात पाहुणे मुळातच कमी, तिथे तो प्रश्न कुठल्याच घटकाला घट्ट धरणार नाही. असा प्रश्न ठेवून काढलेली बेरीज दोन गावांमधला फरक सांगत नाही, दोन वस्त्यांमधलं अंतर सांगते.

अशा सैल पडलेल्या प्रश्नांवर काट मारणं सोपं असतं आणि घाईत तेच केलं जातं. पण चेन्नईचं काम जिथून सुरू झालं, तिथेच अशा वेळी परत जावं लागतं: शुभंकरांच्या बैठकीत. वस्तीवरच्या आईला तुटलेपण कशात जाणवतं, बाजाराला जाता न येण्यात, लग्नाचं आमंत्रण न येण्यात की आणखी कशात, हे तिच्याकडूनच ऐकायचं, त्यातून नवा प्रश्न बांधायचा आणि पुन्हा शे-दोनशे जणींपुढे ठेवून त्याचा भार पाहायचा.